घुबडवाले काका

ग्रीक नाणी जमवणारा माणूस लग्नात चटकन ओळखू येतो. सगळे नवरीकडे बघत असतात, हा तिच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेकडे बघत असतो, आणि कुणाचा गैरसमज व्हायच्या आत म्हणतो, "ठसा जरा डावीकडे सरकलाय." खिशात पेन नसेल, पण दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं. वय साठीच्या पुढचं, बहुधा बँकेतून निवृत्त. नोकरीभर दुसऱ्यांचे पैसे मोजले. आता स्वतःचे मोजायला बसला तर ते निघाले ख्रिस्तपूर्व, आणि भाजीवाली ते घेत नाही.

आमच्या सोसायटीत या वाणाचे एक काका आहेत. सगळे त्यांना घुबडवाले काका म्हणतात, कारण त्यांच्या संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे अथेन्सचं चार ड्रॅक्मांचं चांदीचं नाणं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूला घुबड, त्याच्या पाठीशी ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, समोर गावाच्या नावाची तीन अक्षरं. घुबडाचं अंग कडेला वळलेलं, पण डोळे थेट आपल्याकडे, सोसायटीच्या सेक्रेटरीने थकबाकीदाराकडे बघावं तसे. हे घ्यायला काकांनी एक मुदत ठेव मोडली. त्यावर काकूंचं म्हणणं असं, की लक्ष्मी घुबडावर बसून येते असं ऐकलं होतं. आमच्याकडे घुबड आलं आणि लक्ष्मी त्याच्या बदल्यात गेली.

काकांना किंमत विचारू नये. विचारली की ते लॉरियनच्या खाणीपासून सुरुवात करतात. त्या खाणीत चांदीचा नवा साठा लागला, अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लिस याने ती चांदी लोकांत वाटू न देता तिची जहाजं बांधायला लावली, त्या जहाजांनी ख्रिस्तपूर्व ४८० मध्ये सलामिसला इराणी आरमार बुडवलं. तोवर चहा गार होतो आणि किंमत राहूनच जाते. ती राहावी हाच हेतू असतो.

पण काकांचं खरं रूप बघायचं तर कुणीतरी त्यांच्याकडे नाणं घेऊन जायला हवं. "हात धुतलेत?" हा पहिला प्रश्न. मग टेबलावर मखमलीचा तुकडा, त्यावर डिजिटल काटा, शेजारी जाडी मोजायचा कॅलिपर. नाणं कडेने धरायचं; चेहऱ्यावर बोट लावलं तर काका तुमच्या बोटाकडे असे बघतात, की पुन्हा ते बोट वापरायची लाज वाटावी. ते स्वतः चित्राकडे आधी बघतच नाहीत, कड बघतात. "चेहरा खोटं बोलतो, कड बोलत नाही," हे त्यांचं ब्रीद. खरं ग्रीक नाणं तापवलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकलेलं असतं. म्हणून कडेला बारीक चिरा पडतात आणि चित्र बऱ्याचदा मध्यावर बसत नाही. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला सांधा दिसतो, अंगावर बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. मिनिटभर भिंगातून बघून झालं की काका भिंग खाली ठेवतात आणि एकच शब्द उच्चारतात: "ओतीव." समोरच्याच्या पणजोबांनी जपून ठेवलेला वारसा त्या एका शब्दात निकालात निघतो. काकांच्या चेहऱ्यावर मात्र तेव्हा जे समाधान असतं, ते नाणं खरं निघाल्यावर कधी दिसत नाही.

या बाबतीत त्यांचा आदर्श पुरुष म्हणजे अथेन्सचा सरकारी पारखी. ख्रिस्तपूर्व ३७५-७४ मध्ये निकोफोनच्या प्रस्तावावरून तिथे कायदा झाला: बाजारात सराफांच्या मेजांपाशी एका सार्वजनिक गुलामाने बसायचं आणि येणारी चांदी पारखायची. आत तांबं किंवा शिसं निघालं तर नाणं तिथल्या तिथे कापून देवांच्या मातेला वाहून टाकायचं. आणि पारखी जागेवर बसला नाही तर त्याला पन्नास फटके. हा कायदा कोरलेला दगड १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत सापडला, तेव्हापासून काका त्याच्याच भरवशावर जगताहेत. "पन्नास फटके!" ते भक्तिभावाने म्हणतात. "आज हा कायदा असता तर लिलाववाले सुतासारखे सरळ आले असते." काकू विचारतात, "आणि पारखी रोज दुपारी एक ते चार झोपत असेल तर?"

त्यांच्या वैऱ्याचं नाव कार्ल विल्हेल्म बेकर. हा जर्मन माणूस वारला १८३० मध्ये, पण काका त्याच्याबद्दल कालच हप्ता बुडवून पळाल्यासारखं बोलतात. बेकर जुन्या नाण्यांचे ठसे इतके झकास कोरायचा की मोठमोठे जाणकार फसले. नवी नाणी फार चकचकीत दिसू नयेत म्हणून तो म्हणे ती एका पेटीत लोखंडाच्या किसात ठेवायचा, पेटी घोडागाडीखाली बांधायचा आणि फेरफटका मारून आणायचा. दोन हजार वर्षं एका दुपारी उरकायची. काका हे सांगताना संतापतात, पण सांगतात फार रंगवून. शिवाय बेकरची नक्कल आता स्वतःच संग्रहाची वस्तू झाली आहे. आतून तांबं आणि वरून चांदीचा पत्रा अशी प्राचीन काळातली खोटी नाणी तर काकांच्या कपाटात मानाने बसतात. फसवणुकीचंही पुरेसं वय झालं की तिला पाट मिळतो.

सिकंदराचं नाणं आपण कुणालाही दाखवलं तर तो म्हणतो, "वा, सिकंदर!" काकांसमोर म्हणू नये. सिकंदराच्या चांदीच्या नाण्यावर सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला तरुण आहे तो हेराक्लीस, पलीकडे सिंहासनावर झ्यूस. सोन्याच्या नाण्यावर अथेना आणि पंखवाली विजयदेवता. खुद्द सिकंदर हवा असेल तर त्याचा सरदार लायसिमाकस याच्या नाण्याकडे जा, तिथे तो कानावर मेंढ्याचं शिंग घेऊन भेटेल. हे काका बारशाला सांगतात, तेराव्यालाही सांगतात. राजांची नाती त्यांना चुलत्यांसारखी पाठ. नाण्यावरच्या अँटिमाकस राजाची पसरट टोपी आणि गालातलं हसू यांवर ते जितके खूष असतात तितके सख्ख्या जावयाच्या हसण्यावर नसतात.

सोनं मात्र त्यांच्याकडे नाही. पेन्शनीत ते बसत नाही. सोनं काका फक्त कॅटलॉगमध्ये बघतात. एकदा त्यांनी काकूंना युक्रेटायडीसचं नाणं दाखवलं: बॅक्ट्रियाच्या या राजाचं वीस स्टेटरचं सोन्याचं नाणं, वजन सुमारे १६९ ग्रॅम, बुखाऱ्याला सापडलं, तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतलं, आज पॅरिसला आहे. काकूंनी मनातल्या मनात भागाकार केला. "साडेचौदा तोळे!" त्या म्हणाल्या, आणि लग्नानंतर प्रथमच नाणकशास्त्रात त्यांना रस वाटला.

इथे बसून ग्रीकांशी आपला काय संबंध, असं कुणी विचारलं की काका खूष होतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांचे जुने ड्रॅक्मा भडोचच्या बाजारात अजून दिसतात. आपल्याकडच्या क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याची तेरा हजारांवर नाणी एका ठिकाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. "शत्रूचं नाणं वितळवत बसला नाही, वरून ठोकलं," काका म्हणतात. "याला म्हणतात कारभार."

पण घरातल्या कारभाराने त्यांना एकदा चांगलंच रडवलं. लक्ष्मीपूजनाच्या ताटात त्यांनी हौसेने मिनँडरचा ड्रॅक्मा ठेवला. अडीच ग्रॅमचं नाणं, एका बाजूला ग्रीक लिपी, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी, आणि वर शतकानुशतकांची ती निळसर काळपट झाक, जिच्यासाठी संग्राहक जास्तीचे पैसे मोजतात. काकूंना ताटात काळं नाणं दिसलं. सणासुदीला काळं? त्यांनी चिंच आणि रांगोळी घेऊन त्याला असं लखलखीत केलं की मिनँडरलाही टांकसाळीची आठवण व्हावी. काका भिंतीला टेकून खाली बसले. "अहो, दोन हजार वर्षं कुणी घासलं नव्हतं ते!" काकू म्हणाल्या, "दिसतच होतं."

एवढ्या संशयी माणसाने एक प्रश्न मात्र कधी विचारल्याचं मला आठवत नाही: हे नाणं जमिनीतून बाहेर आलं कसं? १९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्मालीजवळ सुमारे एकोणीसशे चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं आणि चोरून देशाबाहेर गेलं. त्यातला मोठा भाग अमेरिकेतल्या एका श्रीमंत संग्राहकाच्या हाती पडला. कज्जेदलाली होऊन १९९९ मध्ये तो तुर्कस्तानला परत गेला. काकांना ही हकिगत माहीत आहे, त्या घबाडातल्या अथेन्सच्या दहा ड्रॅक्मांच्या नाण्यांबद्दल ते तासभर बोलतात. चोरीबद्दल विचारलं की त्यांना औषधाची वेळ झाल्याचं आठवतं. मला हे खटकतं, पण त्यांच्याकडचा चहा चांगला असतो.

परवा त्यांचा भाचा जर्मनीहून आला. त्याने मामांसाठी ग्रीसचं एक युरोचं नाणं आणलं होतं; त्यावर अथेन्सच्या त्याच जुन्या नाण्याचं, म्हणजे घुबडाचंच चित्र असतं. काका कौतुकाने म्हणाले, "ठीक आहे," आणि आपलं अस्सल घुबड पुढे केलं. भाचा इंजिनिअर. त्याने टेबलावरचा काटा बघितला.

"मामा, याचं वजन किती हवं?"

"सतरा पूर्णांक दोन. थोडं इकडेतिकडे."

"आणि आहे किती?"

काका घुबडाच्या डोळ्यांत बघत राहिले. "वजन काय करायचंय? चेहरा बघ त्याचा. असा चेहरा खोटा असेल?"

"तुम्हीच म्हणता ना, चेहरा खोटं बोलतो? ठेवू काट्यावर?"

"काट्याची बॅटरी गेलीये," काका म्हणाले आणि नाणं डबीत घातलं.

"गेली कुठे?" आतून काकूंचा आवाज आला. "सकाळीच मी त्यावर खसखस मोजली."