अंगणातलं गॅरेज

गणपती जवळ आले की महाड-पोलादपूर पट्ट्यात दोन गोष्टी हमखास दिसतात: महामार्गाचा पाहणी दौरा आणि अंगणात जॅकवर चढलेली गाडी. दौऱ्याचा उपयोग फोटोपुरता. जॅकचा थोडा जास्त.

मुंबईहून पाच माणसं, चार बॅगा आणि मखर लादून आलेली गाडी मागून बसकण मारते. शॉकअप बदलला की ती उठेल, अशी माझीही भाबडी समजूत होती. पण वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप फक्त तिच्या उड्या आवरतो. म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर कोंबला. भरलेली गाडी आता टेकत नाही. रिकामी मात्र बैलगाडीची आठवण करून देते. सस्पेन्शनच्या रबरी बूशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. मी ते हवेतच आवळले, रबर पिळवटलं आणि महिन्यात फाटलं. आणि नुसत्या जॅकच्या जिवावर गाडीखाली शिरू नये. जॅकवर कंत्राटदाराच्या तारखेइतकाच भरवसा ठेवावा. खाली स्टँड लावावेत.

२०१० साली या महामार्गाचा नंबर १७ चा ६६ झाला. या रस्त्याचं चटकन उरकलेलं मला तेवढंच एक काम आठवतं. कशेडीला बोगदाही आला म्हणा, पण बोगद्यापर्यंत पोचायला रस्ताच लागतो.

पान्हा उसना हवा असेल तर सांगा. अनंत चतुर्दशीपर्यंत मात्र तो शेजाऱ्यांकडे आहे.