पाणंदीवरचा जावई

दिजाँ, ऑक्टोबर,
रविवार दुपार

तीर्थरूप आई आणि अण्णांस,


पार्सल मिळालं. चकल्यांचा भुगा झालाय, पण चिंगीची काही तक्रार नाही. ती वाटीत घेऊन चमच्याने खाते आणि हा नवीन पदार्थ आजीने शोधलाय असं शाळेत सांगते. अनारसे शाबूत, मेतकूट शाबूत, आपल्या मळ्यातले बेदाणेही शाबूत. कानटोप्या मात्र चार निघाल्या. आई, आम्ही तिघं आहोत. चौथी कोणासाठी विणलीस ते मला कळलंय, पण मी विचारणार नाही आणि तूही सांगू नकोस.

कुकरची एक शिट्टी झालीय. तिसरी होईपर्यंत लिहिते.

परवा तू फोनवर आवाज खाली आणून विचारलंस, "जावईबापू दर रविवारी दारूच्या मळ्यात जातात हे खरं का गं?" ही बातमी शकूमावशीकडून आली हे मी ओळखलं. चिंगीने तिला सांगितलं होतं की बाबा रविवारी वाइनच्या शेतात जातात आणि संध्याकाळी धड चालता येत नाही. दोन्ही खरंच आहे. पण मधे साठ किलोमीटर सायकल असते, ते सांगायचं राहिलं. आणि पिण्याची काळजी सोड. इथे पिऊन सायकल चालवली तरी गाडीवाल्यासारखाच दंड होतो. हे तर सोडावॉटर प्यायले तरी घाटावर धापा टाकतात.

आता अण्णा, तुम्ही खाली बसा. ज्या सायकलीवर हे जातात तिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. जाड टायर, वाकडं हँडल, किंमत अठराशे युरो. रुपये करायला शंभरने गुणा. गुणलंत? आता ऐका, ही सायकल खास कशासाठी, तर डांबर नसलेल्या रस्त्यासाठी. आपली पाणंद डांबरी व्हावी म्हणून तुम्ही चपला झिजवल्यात, तीन सरपंच पाहिलेत. तुमचा जावई एक लाख ऐंशी हजार मोजून पाणंद शोधत हिंडतो. सापडली नाही की त्याचा रविवार वाया जातो.

पण पाणंदी आहेत मात्र सुरेख. बोन गावापासून सांतनेपर्यंत बावीस किलोमीटर मळ्यामळ्यांतूनच वाट जाते. पॉमार, वोल्ने, मर्सो अशी गावं लागतात. कुठे काँक्रीट, कुठे पांढरी चुनखडीची खडी, आणि मोटारी जवळजवळ नाहीत. वेली आपल्या मांडवासारख्या डोक्यावर नाहीत, जेमतेम कमरेइतक्या. मीटरभर अंतरावर लावतात, म्हणजे हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेल. ट्रॅक्टर उंच पायांचा असतो, ओळ त्याच्या तंगड्यांमधून जाते. तो समोरून आला की आपण सायकल उचलून बांधावर उभं राहायचं. वाट त्याची, आपण पाहुणे.

आणखी एक. 1 मेपासून काढणीपर्यंत इथल्या वाइनच्या वेलीला पाणी द्यायला कायद्याने मनाई, खास परवानगी असेल तरच. ठिबकच्या नळ्या नाहीत, मोटार नाही, म्हणून रात्री अडीचला लाइट आली का हे बघायला उठणंही नाही. तुम्ही म्हणाल, मग करतात काय? एप्रिलमध्ये दव गोठलं की रात्रभर वेलींमध्ये मेणाचे डबे पेटवून जागतात. जागरण काही चुकत नाही, अण्णा.

दुसरी शिट्टी. बंडूमामाचा गुडघा कसा आहे? त्याने ऑपरेशन पुढे ढकललं आणि फिजिओथेरपीच्या बाईंना उलट व्यायाम शिकवले, असं वहिनी म्हणाली. त्याला सांगा की इथे सत्तरीच्या आज्या सायकलवर "बाँझूर" म्हणत यांना मागे टाकून जातात. बॅटरीच्या सायकली असतात, हे नाही सांगितलंत तरी चालेल. दादाला म्हणावं, स्लरीचा नवीन टँक घेतलास त्याचा फोटो सात वेळा पाठवलास, पोचला.

आता माझं खरं दुःख. गेल्या महिन्यात हे कानात नाट्यसंगीत लावून चालले होते. मळ्याची वाट संपून अर्धा किलोमीटर डांबरी रस्ता लागतो, तेवढ्यात वर्दीतल्या दोघांनी थांबवलं. यांना वाटलं, हेल्मेट. हेल्मेट तर बारा वर्षांखालच्या मुलांनाच सक्तीचं, म्हणजे चिंगीला. मग घंटी वाजवून दाखवली, दिवे लावून दाखवले. त्यांनी नुसतं कानाकडे बोट केलं. 1 जुलै 2015 पासून इथे सायकल चालवताना कानात इयरफोन घालायला बंदी आहे. दंड 135 युरो! गुणा शंभरने. साडेतेरा हजारांचं नाट्यसंगीत! तेवढ्यात नाशकात अख्खी कंपनी बोलावून अंगणात प्रयोग लावला असता आणि वर भजी-चहा दिला असता.

यांनी मोडक्या फ्रेंचमध्ये समजावून पाहिलं की एकाच कानात होतं. एक कान काय, दोन काय, दर तोच. हे शास्त्रीय संगीत आहे, असंही सांगून बघितलं. त्यातला तरुण अगदी सौजन्याने म्हणाला, फार सुंदर आहे, पण 135. शेवटी लवकर भरला तर 90, हे कळल्यावर यांचा चेहरा असा उजळला की जणू 45 युरो कमावलेत. घरी येऊन मला "सूट मिळाली" असंच सांगितलं. आई, तू पाचशेच्या साडीवर पन्नास कमी करून घेतेस तेव्हाचा तुझाही चेहरा असाच असतो. तर तुझ्या कानटोप्यांची अडचण लक्षात आली का? त्या घातल्या की कानात काही आहे का ते दिसत नाही. पुन्हा थांबवतील.

गेल्या रविवारी मीही गेले. व्होन-रोमाने गावाबाहेर रोमाने-कोंती म्हणून एक तुकडा आहे. कडेने बुटकी दगडी भिंत, त्यावर एक क्रूस. आत येऊ नका अशी पाटी. क्षेत्र 1.8 हेक्टर. मी वहीवर एकर करून पाहिले, साडेचार होतात. अण्णा, बरोबर आपल्या मळ्याएवढंच! वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या निघतात आणि एकेक बाटली हजारो युरोंना जाते. 1945 सालची एक बाटली 2018 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 5 लाख 58 हजार डॉलरला गेली. इथल्या अशा तुकड्यांना नावं आहेत, 1,247 नावं, आणि 2015 साली युनेस्कोने हे तुकडे वारसा म्हणून यादीत घेतले. आपली आंब्याची पट्टी, विहिरीचं वावर, खालचं टेपाड यांची नावं मात्र तलाठ्यालाही माहीत नाहीत.

त्या भिंतीपाशी बसून आम्ही तुमचे बेदाणे खाल्ले. चिंगी म्हणाली, आपले जास्त गोड आहेत.

जूनमध्ये याच वाटेवर एकदा फवारणी चालली होती. गंधक आणि मोरचूद. वारा आमच्याकडे वळला आणि मी सायकल आडवी टाकून तिथेच बसले. यांना वाटलं, चक्कर आली. मला फक्त ओसरीवर खुंटीला टांगलेला तुमचा सदरा आठवला होता, ज्याला मी लहानपणी नाक मुरडायचे. तुमचं बोर्डो मिश्रण इथल्याच बोर्दो शहराचं, पण वास मात्र आपल्या घराचा निघाला. हे मी फोनवर सांगणार नव्हते, पत्रात लिहून टाकलं.

तिसरी होऊन चौथीही झाली. वरण आता पिठलं म्हणून वाढावं लागेल.

तुमची गोडी छाटणी कुठवर आली? पाऊस थांबला का? रात्री दोनदा फवारणी नको, पाठीचा विचार करा. शकूमावशीला सांग, जावई शुद्धीत आहेत. लहानांना आशीर्वाद.

तुमची,
बेबी

ता. क. : दादा म्हणाला, पाणंदीचं डांबर एकदाचं मंजूर झालं. हे ऐकून तुमचे जावई दोन दिवस नीट जेवले नाहीत. डिसेंबरात येतोय, सायकलही घेऊन येणार म्हणतात. अण्णा, जमलं तर कंत्राटदाराला जानेवारीपर्यंत थांबवा. नाहीतरी तो थांबलेलाच असेल.