निर्विकार चित्ताचा दाखला

मोटार हाकण्याचा परवाना मागणाऱ्या इसमास फेफरे, अकस्मात बेशुद्धी किंवा भोवळ यांचा उपद्रव आहे काय, असा सवाल सरकारने नमुना क्रमांक १ मध्ये खुद्द त्याच इसमास विचारावा आणि त्यानेही, दलालाने पेन्सिलीने फुली मारून दाखविलेल्या जागी, निर्विकार चित्ताने ‘नाही’ असे लिहून खाली सही ठोकावी, हा परस्परविश्वासाचा सोहळा आमच्या परिवहन कार्यालयांत नित्य साजरा होत असतो. खासगी गाडीवाल्यास डॉक्टरचा दाखला लागतो तो चाळिशी उलटल्यावर. तत्पूर्वी फेफरे येत नाही, अशी कायद्याची श्रद्धा असावी! याउपर, आपल्या व्याधीमुळे लोकांच्या जिवास धोका संभवतो हे पक्के ठाऊक असूनही जो सार्वजनिक रस्त्यावर वाहन हाकील, त्याच्या पहिल्या अपराधास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ अन्वये फार तर २०० रुपये दंड मुक्रर होता. २०१९ साली सरकारने मन कठोर करून ही मर्यादा १,००० रुपयांवर नेली. त्याच दुरुस्तीने शिरस्त्राण न घालणाऱ्या दुचाकीस्वारासही १,००० रुपयेच दंड ठरविला, आणि वर तीन महिने परवान्यास अपात्रता.