लोनी ठाण्याचे उपकार

ज्या पोलीस ठाण्यांचे आपल्या फौजदारी कायद्यावर उपकार आहेत त्यांची यादी केली, तर पहिला मान गाझियाबाद जिल्ह्यातल्या लोनी ठाण्याला द्यावा लागेल. दिल्लीतून सहारनपूर रस्त्याला लागलं की राजधानी संपते आणि लोनी सुरू होतं. कारभार नगरपालिकेचा, तोंडवळा गावाचा आणि माणसं 2011 च्या जनगणनेतच पाच लाखांवर. 2008 च्या मे महिन्यात इथल्या ठाण्याची पायरी एक बाप चढला. त्याची लहान मुलगी बेपत्ता झाली होती, तिला पळवून नेल्याचा त्याला संशय होता. ठाण्याने काय केलं? काही नाही. या काही न करण्यातूनच पुढे इतिहास घडला.

बाप एसपींकडे गेला, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला गेला. तपास मात्र तसूभर हलला नाही. मग त्याने सर्वोच्च न्यायालय गाठलं. ‘ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार’ या नावाने तो खटला आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. 12 नोव्हेंबर 2013 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला : दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवायचाच, तिथे पोलिसांच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. आलेली तक्रार लिहून घ्यावी, एवढी साधी गोष्ट पोलिसांना सांगायला या देशाला घटनापीठ बसवावं लागलं.

याच निकालात एक आकडा आहे, तो वाचून झोप उडायला हवी. 2012 साली देशात साधारण 60 लाख दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. न दाखल करता दडपलेले गुन्हेही दरवर्षी तेवढेच असू शकतात, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे एक गुन्हा वहीत, तर एक वाऱ्यावर.

वाऱ्यावर सोडण्याचीही एक पद्धत असते. यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीत आलेल्या आपल्या कुठल्याही पोराला विचारा. रिक्षातून जाताना दुचाकीवरच्या दोघांनी हातातला मोबाइल हिसकावला. पोरगं ठाण्यात जातं. समोर ड्यूटी ऑफिसर, टेबलावर चहाचा कप, कपाखाली कार्बन पेपर. पहिला प्रश्न, ‘‘बिल है?’’ दुसरा प्रश्न, ‘‘छीना, या गिर गया?’’ तिसरा प्रश्न नसतोच, सल्ला असतो, ‘‘लिख दो कहीं गिर गया, नया सिम आज ही मिल जाएगा.’’ पोराला सिम हवं असतं, उद्या टेस्ट सिरीज असते. ते लिहून देतं. झालं! झपटमारी वजा, ‘गहाळ’ अधिक. शहरातला एक गुन्हा तिथल्या तिथे कमी झाला, तोही एकही चोर न पकडता.

पोरगं हट्टाला पेटलं तर ठेवणीतलं अस्त्र निघतं : हद्द. घटना पुलाच्या अलीकडची की पलीकडची? अलीकडची असेल तर दिल्ली पोलीस, पलीकडची असेल तर उत्तर प्रदेश, आणि रस्ता दक्षिणेला वळत असेल तर हरियाणा. राजधानी परिसरात, म्हणजे एनसीआरमध्ये राहणारा माणूस सकाळी नोएडात उठतो, दुपारी दिल्लीत राबतो, संध्याकाळी गुरुग्रामला मित्राकडे जातो. चोरांनी हा अखंड प्रदेश केव्हाच मान्य केलाय. हद्दीचे दगड पोलिसांनाच तेवढे दिसतात.

ब्रीदवाक्यांना मात्र कुठेही तोटा नाही. दिल्लीचं ‘शांती, सेवा, न्याय’, उत्तर प्रदेशचं ‘सुरक्षा आपकी, संकल्प हमारा’, हरियाणाचं ‘सेवा, सुरक्षा, सहयोग’. आपलं ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ तर थेट गीर्वाणवाणीत, म्हणजे तक्रारदाराने अर्थ विचारायची सोयच नको.

न लिहिण्याची किंमत किती, हे नोएडाच्या सेक्टर 31 ने दाखवून दिलंय. तिथल्या निठारी गावातल्या गरिबांची मुलं एकामागोमाग एक नाहीशी होत होती. आईबाप चौकीवर जात होते आणि ‘भाग गई होगी, आ जाएगी’ ऐकून परतत होते. डिसेंबर 2006 मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यात सांगाडे सापडले, तेव्हा ती मुलं कुठे गेली होती ते कळलं. मग नेहमीप्रमाणे पोलिसांची निलंबनं झाली, काही बडतर्फ झाले, तपास सीबीआयकडे गेला. फाशीच्या शिक्षाही झाल्या. 2023 च्या ऑक्टोबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासाची लक्तरं काढत आरोपींना निर्दोष सोडलं, आणि उरलेल्या एका खटल्यातही 2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. आज हिशेब असा : मुलं मेली हे नक्की, मारली कोणी ते कोणालाच सांगता येत नाही. सुरुवातीला जे लिहून घेतलं नाही, ते इतक्या वर्षांनी कुठून सिद्ध होणार?

पोलीस लिहीत का नाहीत, याचं उत्तर ते आळशी आहेत असं देणं सोपं आहे. खरं उत्तर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये आहे. ज्या ठाणेदाराने प्रत्येक तक्रार इमानेइतबारे लिहिली, त्याचा आलेख वर गेलेला दिसतो आणि सर्वांसमक्ष त्याची हजेरी घेतली जाते. ज्याने निम्म्या तक्रारदारांना चहा पाजून घरी पाठवलं, त्याच्या हद्दीत रामराज्य. बक्षीसही त्यालाच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्याच वार्षिक अहवालात बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तो इशारा वाचायला ना मंत्र्याला वेळ, ना विरोधी पक्षनेत्याला. दोघांनाही आकडाच हवा असतो, एकाला मिरवायला, दुसऱ्याला बडवायला.

शिवाय एफआयआर म्हणजे पंचनामा, जबाब, कोर्टाच्या तारखा. त्याला माणूसबळ लागतं, आणि माणसं असतात बंदोबस्ताला. श्रावणात याच पट्ट्यातून कावडयात्रा जाते. 2018 मध्ये मेरठ परिक्षेत्राच्या बड्या पोलीस अधिकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून कावडियांवर फुलं उधळली होती. गाझियाबाद तेव्हा याच परिक्षेत्रातलं. पाकळ्यांसाठी हेलिकॉप्टर मिळतं, तक्रारीसाठी कोरा कागद मात्र तक्रारदाराने घरून आणायचा.

मधल्या काळात पाट्या बदलल्या. 2020 मध्ये नोएडाला पोलीस आयुक्तालय मिळालं, 2022 मध्ये गाझियाबादला. 1 जुलै 2024 पासून कायदाही बदलला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ‘झीरो एफआयआर’ला जागा मिळाली. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायची. छान. पण त्याच कलमात एक खिडकी किलकिली ठेवलीय : तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवस ‘प्राथमिक चौकशी’ करता येईल. हिसकावून चोरी हा नव्या भारतीय न्याय संहितेतला स्वतंत्र गुन्हा, त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे मोबाइल हिसकावला की नाही, याची खातरजमा चौदा दिवस चालू शकते. तोवर मोबाइलचे सुटे भाग होऊन तो चार दुकानांत विकलेला असतो. घटनापीठाने दार बंद केलं, संसदेने खिडकी उघडली.

हे सगळं तिकडचं, आपल्याकडे बरं आहे, असं म्हणत मान डोलावणाऱ्यांनी बदलापूर आठवावं. नवा कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या पालकांना बारा तासांच्या आसपास ताटकळावं लागलं, असा आरोप झाला. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा तीन पोलीस निलंबित झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन कान उपटले. लोनी ते बदलापूर अंतर बरंच आहे. ठाण्यातलं बाकडं मात्र तेच.

तेव्हा सीसीटीव्ही, ड्रोन, गुलाबी गस्ती गाड्या यांच्या उद्घाटनांनी हुरळून जाऊ नका. ठाण्यात जायची वेळ आलीच, तर ‘गहाळ’वर सही करू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, ती हातात पडल्याशिवाय उठू नका. लिहून घेत नसतील तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा. स्त्रियांवरच्या ठरावीक गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला किमान सहा महिने सक्तमजुरी आहे, हेही तिथे मोठ्याने सांगा. आणि पुढच्या वेळी एखादा मंत्री ‘आमच्या काळात गुन्हे घटले’ म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा : घटले, की लिहिले नाहीत?