कर्जतचा पनामा

इंग्लंडला लेकीकडे गेलेला माणूस परत येताना चॉकलेटं आणतो, फार तर एखादा स्वेटर. मी कालव्याचं वेड घेऊन आलो.

डेव्हायझेस गावाजवळ केन हिल नावाची टेकडी आहे आणि तिच्यावरून चक्क बोटी चढतात. दोन मैलांत २९ लॉक, ७२ मीटर चढ. दोन दारांमधल्या हौदात बोट घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दारातली झडप उचलायची. वरचं पाणी आपसूक हौदात उतरतं आणि बोटीला उचलून वरच्या पातळीवर नेऊन ठेवतं. बोट उचलायला पंप लागत नाही. १८१० सालचं हे काम आजही चालतं. सगळे लॉक चढायला पाच-सहा तास लागतात आणि कोणी घड्याळाकडे बघत नाही. त्या दारांना लांबलचक लाकडी दांडे असतात, त्यांना पाठ लावून रेटायचं. मी दिवसभर अनोळखी लोकांची दारं रेटत होतो. लेक म्हणाली, "बाबा, बँकेत असताना तुम्ही एवढे कामसू नव्हता."

कर्जतला आमचं छोटंसं घर आहे, निवृत्तीनंतर भाजीपाला लावू म्हणून घेतलेलं. कुंपणाच्या मागूनच राजनाला कालव्याची एक चारी जाते. परत आल्यावर तिच्याकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. बायकोच्या मते ती तपासून घ्यायला हवी होती.

पण या तालुक्यातलं पाणी आहेच तसं भुरळ घालणारं. घाटावर ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवली आहे. मुकाट्याने इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायचं ते पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या वीजघरात आदळतं. १९२२ पासून. वीज मुंबईला जाते, उरलेलं पाणी पेज नदीत, तिथून राजनाल्यात, आणि ऐन उन्हाळ्यात कर्जतची खाचरं हिरवी दिसतात. शेजारच्या खालापुरातही तेच. खोपोलीचं वीजघर १९१५चं, आणि त्याच्या पाण्यावर पाताळगंगा बारा महिने वाहते. याच घाटावर बोट चढवायची तर? पनामा कालव्याचे लॉक जहाजाला २६ मीटर उचलतात. म्हणजे आमच्या घाटाला वीसेक पनामा एकावर एक रचावे लागतील, असा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडलाही होता. घाट चढण्याची आपली पद्धत वेगळी. कर्जत स्टेशनात गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि सदतिसास एकच्या चढावर गाडीला ढुंगणाकडून ढकलत लोणावळ्याला पोचवतात. काम होतं, पण त्यात नजाकत नाही.

शिवाय सरकारही माझ्या बाजूचं होतं. २०१६च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यातल्या ५३ नंबरच्या कल्याण-ठाणे-मुंबई मार्गात आमच्या उल्हास नदीचं नाव आहे. म्हणजे कल्याणपर्यंत दिल्ली आलीच होती, पुढचं मी बघायचं. अस्सल लॉक बघायला मुंबई बंदरात जावं लागतं, इंदिरा डॉकच्या तोंडाशी. तेही १९१४ सालचं, पनामाच्याच वर्षीचं. त्यानंतर महाराष्ट्रात या कामाला खीळ बसली ती मी काढणार होतो.

आमच्या कुंपणामागे एका जागी चारी एकदम दीड-दोन फूट खाली उतरते. जागा जणू माझ्यासाठीच राखून ठेवलेली. नमुन्यादाखल छोटं लॉक करायचं ठरलं. सुताराकडून दारांसाठी प्लायच्या पानांच्या दोन जोड्या करून घेतल्या. ("खुराडं का?" "नाही, लॉक." "मग कुलूप वेगळं आणावं लागेल.") कडांना सायकलची जुनी ट्यूब ठोकली, म्हणजे पाणी झिरपायला नको. या दारांची खुबी अशी की ती सरळ मिटत नाहीत. दोन पानं मिळून टोक होतं आणि ते टोक वरच्या अंगाला, येणाऱ्या पाण्याकडे ठेवायचं असतं. मग पाणी जितकं दाबेल तितकी दारं घट्ट बसतात. ही युक्ती लिओनार्दो दा विंचीच्या नावावर सांगतात. मी ती सुताराला समजावून सांगितली. मी चारीच्या खालच्या अंगाला उभा होतो, तो वरच्या. "टोक माझ्याकडे," असं मी म्हणालो. त्याने ते माझ्याकडे केलं.

उद्घाटनाला शेजारचे तात्या आले. खालचं खाचर त्यांचं. चारीचं पाणी पाळीने मिळतं आणि त्या रात्रीची पाळी त्यांची होती. दुपारचं पाणी कोणाचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पाटकऱ्याला मात्र विचारलं नव्हतं. त्याने काय सांगितलं असतं ते मला ठाऊक होतं. बोट म्हणून बाजारातून मासळीची थर्माकोलची पेटी आणली होती, ती तळाला रंगवून घेतली होती, आणि उतारू म्हणून आत एक नारळ.

पेटी खालून हौदात घेतली. खालची दारं लावून कडी घातली, वरची झडप उचलली. पाणी खळाळत आलं आणि पेटी उठायला लागली. खरंच उठली. हौदाच्या भिंतीतल्या विटांचा एक थर, दुसरा, तिसरा. चिखलाची रेघ मागे सोडत, किंचित गिरकी घेत, आतला नारळ गंभीरपणे डोलत. मी बायकोकडे बघितलं, ती चारीकडे बघत होती. एवढ्या संसारात मी तिला चकित केल्याचा हा विरळा प्रसंग.

तात्यांनी बिडी विझवली. "पेटी चढली. आता हे हौदातलं पाणी?"

"खाली सोडायचं. पुढची बोट आली की पुन्हा भरायचा."

"दर बोटीला?"

"दर बोटीला. पनामात एका जहाजाला जवळपास वीस कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं."

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, एवढ्या पाण्यासाठी आमच्यात डोकी फुटतात."

मला यावर उत्तर सुचत होतं, पण तेवढ्यात कडी तुटली. टोक चुकीच्या बाजूला असल्यामुळे खालची दारं सगळा वेळ त्या बोटभर कडीच्या भरवशावर उभी होती. दारं उघडली, हौद रिकामा झाला, आणि झडप मी उचलूनच ठेवल्यामुळे वर तुंबलेलं पाणीही मागोमाग आलं. पुढे चारी अरुंद. पाण्याने बांध फोडला आणि ते तात्यांच्या खाचरात शिरलं. आदल्याच दिवशी त्यांनी तिथे मोड आणलेलं कर्जत-३ भाताचं बी रोपासाठी टाकलं होतं. बी तरंगलं, वाफा ओलांडून गेलं, खालच्या बांधावरून उतरलं आणि पलीकडच्या खाचरात जाऊन बसलं. ते खाचर तात्यांच्या चुलतभावाचं. त्याच बांधावरून दोघांची तारीख चालू आहे.

बियाण्याचे पैसे मी त्याच संध्याकाळी दिले. चुलतभाऊ म्हणाला, माझ्या जमिनीत आलेलं रोप माझं. तात्या म्हणाले, बी माझं. दोघांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलंय. पाटकऱ्याने चारीतून दारं काढून कुंपणाच्या आत फेकली. एक जोडी बायकोने कोथिंबिरीच्या वाफ्याला लावली, दुसरी तात्या घेऊन गेले. मी म्हटलं, टोक वरच्या अंगाला ठेवा. ते म्हणाले, कोंबड्यांना चालतं कसंही.

नारळ चुलतभावाच्या खाचरात सापडला. तो त्याने परत केलेला नाही. मात्र राजनाल्यावर माल पोचवण्याचं काम प्रथम माझ्याच हातून झालं, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.