फडातलं पॅड आणि आयर्लंडची पुंगी

“काय हो सुमनकाकी, काल रात्री तुमच्याकडं सनई वाजत होती का रडत होती?”

“सनई कुठली गं! नातू डब्लिनला शिकतो ना, सुट्टीला आलाय. त्याचंच ते. ‘द चीफटन्स’ म्हणून तिकडचा ताफा, 1962ला निघालेला. त्यांचा म्होरक्या पॅडी मलोनी. कोपराखाली भाता दाबून पुंगी वाजवायचा.”

“अन् मधेच बँजो? आपल्या वरातीतला?”

“तो न्हवं. हा गोल, चामडं ताणलेला. आफ्रिकेतनं गुलाम करून नेलेल्या माणसांनी अमेरिकेत रुजवलेला. आयर्लंड-स्कॉटलंडची माणसं पोटामागं तिकडं गेली, ती फिडल घेऊन. सगळं एकमेकांत मिसळलं, त्यातनंच कंट्री गाणं झालं. 1992ला चीफटन्सनी विली नेल्सन, चेट ॲटकिन्स, एमिलू हॅरिस असल्या मातब्बरांना घेऊन ‘अनदर कंट्री’ काढलं. पुढच्या साली ग्रॅमी! सासरी रुळलेली लेक माहेराला आली म्हण.”

“त्यांनी मिसळलं की ग्रॅमी! आपल्या तमाशाच्या फडानं मिसळलं की मंचरच्या आत्याबाई नावं ठेवतात. गण-गवळण उरकली की सिनेमाची गाणी, कीबोर्ड, पॅड. वग लागेस्तोवर निम्मी माणसं घरी.”

“तमाशा कधी सोवळ्यात होता? पेटी तरी कुठं आपली, युरोपातनंच आली की. वडील-चुलत्यांच्या फडात तयार झालेल्या आपल्या विठाबाई नारायणगावकरांना 1957ला अन् 1990ला राष्ट्रपतींनी गौरवलं, ते गळ्यासाठी अन् अदाकारीसाठी.”

“मग बिघडलं कुठं?”

“पाहुणे कितीही गावोत, चीफटन्सची पुंगी हटली नाही. आपल्याकडं पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. विचारतात काय? पोरी किती, लायटिंग कसं. वग कोणता, हे विचारणारा शंभरात एखादा. फडमालकानं तरी काय करावं? मागतील ते देतो बिचारा.”

“आमचे हे यंदा यात्रा कमिटीत आहेत बरं का.”

“मग आजच कानावर घाल त्यांच्या. गाणी ठेवा हवी तेवढी. पण सुपारी देताना वगाचं नाव ठरवा, तो वेळेत सुरू करायला लावा, अन् ढोलकी-हलगी पॅडखाली दाबू देऊ नका. एवढं झालं तर कीबोर्डाशी आपलं काही भांडण नाही!”