विषय : आमदारांस निवेदन देणेबाबत

महाराष्ट्राचे कायदे दोन सभागृहांत होतात. विधानसभेत २८८ आमदार बसतात, विधान परिषदेत ७८. २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने विधानसभेच्या एका आमदाराच्या वाट्याला सरासरी ३ लाख ९० हजार माणसे येतात. त्यांतले बरेच जण 'दादा आपल्या शब्दाबाहेर नाहीत' असे चारचौघांत सांगत असतात. दादा हे कधी नाकारत नाहीत. नाकारण्यात त्यांचा काहीच फायदा नसतो.

विधान परिषदेच्या आमदारापर्यंतची वाट थोडी वळणाची आहे. तिथले ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडून देतात आणि २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य. सात जागा शिक्षकांच्या मतांवर ठरतात आणि सात पदवीधरांच्या. पदवीधर मतदाराला पदवी घेऊन किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि दर निवडणुकीला मतदारयादी नव्याने होत असल्याने त्याला दरवेळी नव्याने अर्ज भरावा लागतो. पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत घालून बैठकीत टांगणारे पुष्कळ असतात, पण तेच प्रमाणपत्र खाली उतरवून त्याची झेरॉक्स काढून नमुना १८ भरणारे फारच थोडे. त्यामुळे सुशिक्षितांचा आमदार थोडक्या सुशिक्षितांच्या जोरावर निवडून येतो आणि उरलेले सुशिक्षित पुढची सहा वर्षे त्याला नावे ठेवतात.

राहिले बारा. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतून राज्यपाल त्यांची नियुक्ती करतात. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच वाटेने सभागृहात गेले. ही गोष्ट मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते आणि ती का पाठ आहे हे कुणी कुणाला विचारत नाही. प्रस्तुत लेखकाने सभागृहातले आपले पहिले भाषण कोणत्या ओळीने सुरू करायचे ते मनाशी ठरवून ठेवलेले आहे. २०२० साली मंत्रिमंडळाने पाठवलेली बारा नावे राज्यपालांकडे निर्णयाविना पडून राहिली, तेव्हा महाराष्ट्रात हळहळ झाली. प्रस्तुत लेखकाला मात्र आपले नाव त्या यादीत नसल्याबद्दल प्रथमच बरे वाटले.

आमदाराकडे जाणारा माणूस सहसा कायद्यासाठी जात नाही. तो गटारासाठी जातो, ट्रान्सफॉर्मरसाठी जातो, बदली, प्रवेश, रुग्णालयातली खाट यांसाठी जातो. गटार हे नगरसेवकाचे काम हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. पण मुंबईसह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली, तिथे प्रशासक बसले आणि वॉर्डाचा माणूस म्हणून बोट दाखवायला कुणी उरलेच नाही. गटाराची तक्रार आपोआप एक पायरी वर चढली. शिवाय आमदाराच्या हाती वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातून सभामंडप होतात, पेव्हर ब्लॉक बसतात आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकडी येतात. बाकड्याच्या पाठीवर आमदारांचे नाव इतके मोठे रंगवलेले असते की ज्येष्ठ नागरिकांना ते चष्म्याशिवाय वाचता यावे.

भेटीची जागा महत्त्वाची. आमदाराचे जनसंपर्क कार्यालय असते, आठवड्याचा ठरलेला वार असतो आणि त्या वारी साहेब अचानक मुंबईला गेलेले असतात. खात्रीने भेटतात ते लग्नात आणि दहाव्याला. मात्र मांडवात निवेदन देऊ नये. तिथे साहेब ते दोन्ही हातांनी घेतात, पाठीवर थाप मारतात आणि न बघता मागे देतात. मागे उभा असलेला कार्यकर्ता ते खिशात घालतो आणि तो शर्ट धुवायला जातो. अधिवेशनाच्या काळात आमदार हमखास सापडण्याची जागा म्हणजे विधान भवन. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला असते आणि १९५३ च्या नागपूर कराराला जागून हिवाळी अधिवेशन नागपूरला. आत जायला प्रवेशपत्र लागते, आणि ते मिळवून देणारी हमखास व्यक्ती म्हणजे ज्यांना भेटायचे तेच आमदार.

कार्यालयात निवेदन वाचतात ते स्वीय सहायक, म्हणजे पी.ए. साहेबांच्या डोळ्यांसमोर काय जावे आणि काय जाऊ नये, हे तेच ठरवतात. ते 'विषय' ही ओळ वाचतात, खाली सह्या किती आहेत ते बघतात आणि मोबाइल क्रमांक आहे की नाही ते तपासतात. मधला मजकूर ही लेखकाची खासगी बाब. प्रस्तुत लेखकाने आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या नाल्याविषयी एक निवेदन लिहिले होते. त्यात पहिल्या परिच्छेदात मोहेंजोदडोची सांडपाणी व्यवस्था होती, दुसऱ्यात लोकशाहीची व्याख्या आणि तिसऱ्याच्या शेवटी एक वाक्य असे होते की ते वाचताना लेखकाचाच कंठ दाटून येई. पी.ए.नी कागद उलटा करून पाहिला आणि विचारले, "काका, वॉर्ड कुठला?" वॉर्ड लिहिलेलाच नव्हता. शेजारच्या वहिनींनी वहीच्या कागदावर चार ओळी लिहून खाली चाळीतल्या साठेक बायकांच्या सह्या घेतल्या होत्या. त्यांच्या अर्जावर तिथल्या तिथे शेरा पडला. नाला साफ झाला. पत्रावर नाव वहिनींचे होते, याचा प्रस्तुत लेखकाला काही विषाद नाही, असे तो स्वतःच सांगतो.

नाल्याच्या पलीकडचे, म्हणजे धोरणाचे काम असेल तर सभागृहाची आयुधे लागतात. पहिले आयुध म्हणजे तारांकित प्रश्न. नागरिक तो स्वतः विचारू शकत नाही, पण त्याची माहिती आमदाराला पुरवू शकतो. आमदारांनाही ती हवीच असते, कारण सूचना बऱ्याच दिवस आधी द्यावी लागते आणि विषयांचा दुष्काळ असतो. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर नुसते छापून येते.

या प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या हे मराठीतले एक दुर्लक्षित वाङ्मय आहे. त्यांचा घाट सॉनेटहून कडक. सुरुवातीला सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी पृच्छा असते. मग पहिला भाग : अमुक गावचा पूल पडला, हे खरे आहे काय? दुसरा : असल्यास, चौकशी केली आहे काय? तिसरा : असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि चौथा, ज्याच्यावाचून प्रश्नाला शोभा नाही : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरांची जातकुळीही ठरलेली. 'होय, हे खरे आहे.' 'हे खरे नाही.' या दोहोंच्या मधला, राज्यकारभाराचा सगळा अनुभव ज्यात मुरलेला आहे असा प्रकार म्हणजे 'हे अंशतः खरे आहे.' पूल अंशतः कसा पडतो, असे विचारू नये. पूल पडलेला असतो, तारीख चुकलेली असते. आणि शेवटी येते ते 'प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असे उत्तर आले की उरलेल्या तिन्ही भागांना या एका वाक्यात मूठमाती मिळते.

या याद्या हौसेने वाचणाऱ्याच्या घरी त्यांचा परिणाम होतोच. प्रस्तुत लेखकाने एका सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून विचारले, की घरातली साखर संपलेली असून चहा बिनसाखरेचा देण्यात आला, हे खरे आहे काय. असल्यास, नवीन साखर आणण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आतून उत्तर आले, "हे अंशतः खरे आहे. साखर आहे. डॉक्टरांनी तुम्हाला बंद केली आहे." उपप्रश्नाची परवानगी मागितली गेली. ती नाकारण्यात आली. पुढे हे वळण मुलांनीही उचलले, आणि निकालाच्या दिवशी गणितात कमी गुण का पडले याची विचारणा होताच 'माहिती घेण्यात येत आहे' असे संसदीय उत्तर मिळू लागले. घरातल्या कनिष्ठ सभागृहाने ज्येष्ठाला असे निरुत्तर केले, तरी प्रस्तुत लेखक विधिमंडळाच्या या साहित्यप्रकाराला दोष देत नाही. त्याची महत्त्वाकांक्षा एवढीच, की एखाद्या तारांकित प्रश्नातले निदान एक 'असल्यास' आपल्या हातचे असावे.

तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते. मंत्र्यांना तिच्यावर निवेदन करावे लागते. वर्तमानपत्रातले ताजे कात्रण आणि खात्याशी झालेला जुना पत्रव्यवहार एकत्र टाचून दिला, तर आमदाराचे अर्धे काम होते. माहितीच्या अधिकारात मिळालेला कागद सोबत असेल तर मंत्र्यांना 'अंशतः' म्हणणेही जड जाते. याखेरीज सभागृहाला थेट विनंती अर्ज करता येतो. तो आमदारामार्फत सादर होतो आणि विनंती अर्ज समितीकडे जातो. भाषा आदराची असावी लागते आणि मागणी स्पष्ट. इतक्या कमी लोकांना हा मार्ग माहीत आहे की तो वापरणाऱ्याला तिथे गर्दीचा त्रास होत नाही.

एखादे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, तर समिती जनतेकडून सूचना मागवते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर अशा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. समितीने काही दुरुस्त्या केल्या आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले. ज्यांचा त्याला मुळातूनच विरोध होता त्यांचे समाधान झाले नाही. सूचना लिहिताना कलमाचा क्रमांक आधी द्यावा, मग कोणता शब्द काढून कोणता घालायचा ते सांगावे. मोहेंजोदडो टाळावा.

यातल्या कशानेही कान हलले नाहीत की मोर्चा निघतो. हिवाळी अधिवेशनात नागपूरला तो रोजचाच असतो. पोलीस तो ठरावीक जागी अडवतात, घोषणा होतात, शिष्टमंडळातल्या चार-पाच जणांना आत नेतात, मंत्री निवेदन स्वीकारतात, फोटो निघतो. हे सगळे इतके ठरलेले आहे की त्यावर विनोद करणे सोपे जाते. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच नागपुरात अडवून धरलेला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात ही मागणी होती. बायका कडेवर मुले घेऊन आल्या होत्या. कुणीतरी मंत्री येऊन आपले ऐकेल म्हणून ती माणसे संध्याकाळपर्यंत थांबली. मग पोलिसांचा लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुलेच जास्त होती. अधिवेशन तिथून हाकेच्या अंतरावर चालू होते. शहरातल्या उड्डाणपुलाला नंतर गोवारी शहिदांचे नाव देण्यात आले आणि जवळच स्मारक झाले. मागणीचा निकाल लागायला २०२० उजाडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने दिलेला निर्णय त्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. कागद हातात घ्यायला बाहेर येण्याला काही पैसा लागत नाही, त्यासाठी वित्त विभागाची मान्यताही लागत नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. कसणाऱ्याच्या नावावर वनजमीन करा ही त्यांची मोठी मागणी होती. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. मुलांची गैरसोय नको म्हणून शेवटचा टप्पा, सोमय्या मैदान ते आझाद मैदान, त्यांनी रात्रीतून चालून काढला. पायांना फोड आले होते. सरकारने चर्चा केली आणि लेखी आश्वासन दिले. पुढे त्याच मागण्यांसाठी त्यांना २०१९ मध्ये पुन्हा निघावे लागले आणि २०२३ मध्ये पुन्हा.

आश्वासनाचा पाठपुरावा हे म्हणूनच शेवटचे आणि सर्वांत कंटाळवाणे काम. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांची नोंद विधिमंडळाची आश्वासन समिती ठेवते आणि पूर्ततेविषयी खात्यांना जाब विचारते. आश्वासन सभागृहाच्या कामकाजात नोंदलेले असावे लागते. मांडवातले, व्यासपीठावरचे किंवा गाडीची काच खाली करून दिलेले तिथे चालत नाही. त्यामुळे नागरिकाने अधिवेशनाचे वर्ष, तारीख, प्रश्नाचा किंवा लक्षवेधीचा क्रमांक आणि मंत्र्यांचे नेमके शब्द कामकाजाच्या अहवालातून उतरवून घ्यावेत, एक प्रत आमदारांना द्यावी आणि दुसरीवर त्यांच्या कार्यालयाचा आवक शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवावी. वॉर्ड क्रमांक लिहिण्यास विसरू नये.